उपवासकाळात प्रार्थनेसाठी निवांतपणा : कळवा, ठाणे, नवी मुंबईकर कुठून मिळवतात?

कळवाकरीण । १५ फेब्रुवारी, रात्री ११:४०

येत्या १८ तारखेला राखेचा बुधवार आणि ५ एप्रिलला ईस्टर. मधले सगळे दिवस उपवासकाळ. मटण-मासळी बंद करणं, शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या क्रूसयात्रेची चौदा टप्प्यांची प्रार्थना), दानासाठी पैसे बाजूला काढणं हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे. माझं माहेर वसईचं. तिकडे या दिवसांत आमच्यात लग्नं होत नाहीत, मांडव पडत नाहीत, बँड वाजत नाही. अख्खं गाव आवाज खाली करतं. इथे तसं होणार नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही नाही. पण मला दिवसातून वीस मिनिटं शांत बसायचं आहे, आणि ती वीस मिनिटं कुठून काढू तेच कळत नाही.

कळव्यात वन बीएचके, आम्ही पाच माणसं. मुलाची दहावी, त्यामुळे बेडरूम त्याच्याकडे. मुलगी आणि सासूबाई हॉलमध्ये. नवऱ्याची सेकंड शिफ्ट, तो येतो तेव्हा मी अर्धी झोपेत. शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, सकाळी नऊला ब्रेकर सुरू होतो तो भिंतीतून दातांपर्यंत येतो. माझं ऑफिस ऐरोलीला, तिथे सगळे एकाच हॉलमध्ये.

उरली पहाट. सासूबाई पाचला उठतात आणि मोबाईलवर प्रार्थना लावतात. आधी रोझरी म्हणजे माळेवरची प्रार्थना, मग भक्तिगीतं, मग एखादं प्रवचन. त्यांना ऐकायला फार कमी येतं, म्हणून आवाज पूर्ण मोठा. ती प्रार्थनाच आहे, मी त्याला त्रास कसं म्हणू? त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या आवाजात माझ्या मनातलं एक वाक्य पूर्ण होत नाही.

जागा सुचवा, वेळ सुचवा. आणि सासूबाईंशी हे कसं बोलावं, तेही सांगा. तो भाग मला सगळ्यात अवघड वाटतो.

ट्रान्सहार्बर । १६ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

ताई, मी रोज ठाणे ते वाशी करतो. ठाण्याला गाडी सुटते तिथूनच बसतो, त्यामुळे खिडकी मिळते. पाच दशकांची (दशक म्हणजे दहा मण्यांचा टप्पा) रोझरी साधारण वीस मिनिटांत होते, म्हणजे कोपरखैरणे-तुर्भ्याच्या आसपास संपते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचं चिंतन. माळ खिशातच ठेवतो, बोटांनी मणी पुढे सरकवतो. ऐरोलीपर्यंत तुम्हाला पूर्ण माळ होणार नाही, पण दोन दशकं नक्की होतील. उरलेली संध्याकाळी परतताना.

गाडीत शांतता नसते हे खरं. पण तिथे मला कोणी हाक मारत नाही, माझ्याकडून कोणाला काही नको असतं. घरात हे मिळत नाही.

जांभळीनाका । १६ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

ठाण्यात उतरून गाडी बदलत असाल तर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च विसरू नका, तलावपाळीजवळचं. ऑफिसवरून येताना थोडी वाट वाकडी करावी लागेल, एवढंच. रविवारच्या गर्दीवरून अंदाज बांधू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की दहा मिनिटांत सगळे पांगतात, मागच्या बाकांवर चार-दोन माणसं उरतात. बाहेर रिक्षा, फेरीवाले, शाळा सुटलेली पोरं, सगळं ऐकू येतं. पण जुन्या जाड भिंतींमुळे ते लांबून आल्यासारखं वाटतं. दार कधी बंद करतात ते चर्चच्या ऑफिसमध्ये एकदा विचारून घ्या.

एक आपलं मनातलं. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन बंधू चीनला निघाले होते. जहाज त्यांना या किनाऱ्याला घेऊन आलं आणि ते ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक नावाच्या त्यांच्याच पंथातल्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी इथून चीनला नेल्या. ठाण्यात ख्रिस्ती प्रार्थना म्हटली गेल्याला सातशे वर्षं उलटून गेली. बाजाराच्या गर्दीतून वाट काढत चर्चकडे जाताना मला ते चौघे आठवतात. तेही बंदरावरच्या गजबजाटातच प्रार्थना करत असणार.

येऊरप्रेमी । १६ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

पहाटे येऊर! उपवनकडून चालत वर जा. पक्षी सोडले तर आवाज नाही. येशूही पहाटे अंधार असतानाच उठून निर्जन ठिकाणी जायचा, मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे.

वाशी_सेक्टर । १६ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे. बाईमाणसाला अंधारात एकटीने जायला सांगू नका हो. शिवाय कळव्याहून पहाटे तिथे पोचायचं कसं? शनिवारी सहकुटुंब, उजाडल्यावर जायला छान जागा आहे. रोजचं उत्तर नाही.

माजिवड्याची_माई । १६ फेब्रुवारी, दुपारी २:३०

पोरी, तुझं वाचलं आणि नातवाला म्हटलं मला लिहून दे. मी सांगते, तो टाइप करतो.

आधी सासूबद्दल. माझेही कान गेलेत, म्हणून मला माहीत आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या वाट्याला शांतता बळजबरीची आलेली असते. घरात सगळे बोलतात, हसतात, आणि आपण तोंडाकडे बघत बसायचं. कोणी दोनदा सांगतं, तिसऱ्यांदा "काही नाही, जाऊ दे" म्हणतं. ते "जाऊ दे" फार लागतं गं. तुझ्या सासूला पहाटे त्या मोबाईलमधून माणसांचा आवाज येतो, तोही देवाचं नाव घेणारा. तो बंद करा असं तिला कोणी सांगितलं तर तिला काय वाटेल त्याचा विचार कर. आवाज बंद करायला सांगू नकोस. तिच्या जवळ जा, कानाशी बोल आणि सांग, मला तुमच्याबरोबर बसायचं आहे. काय करायचं ते मग दोघी मिळून ठरवा.

आता शांततेबद्दल. आमच्या गावठाणात पवित्र आठवड्यात काय शांतता असायची ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. पवित्र गुरुवारच्या मिसेला ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणताना घंटा वाजायच्या, त्या शेवटच्या. मग ईस्टरच्या रात्री ग्लोरिया येईपर्यंत घंटा मुक्या. मधल्या वेळात लाकडाची खटखटी. कोरडा आवाज, सुक्या फांदीवर फांदी आपटल्यासारखा. आम्ही पोरं तो ऐकून गप्प व्हायचो, कोणी दटावायला लागायचं नाही. शुक्रवारी आमच्या घरात रेडिओ लागत नसे, पाट्यावर वाटण होत नसे. माझी आई बोलायचीसुद्धा हळू. आता गावठाणाच्या चारी बाजूंना टॉवर आले, हायवे आला. खटखटी मात्र अजून वाजते.

अनंतवाचक । १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

माईंच्या पोस्टला मनापासून नमस्कार.

माई म्हणतात त्यात थोडी भर. उपवासकाळातली उपासना नीट बघितली तर आवाज कमी करणं हा तिचा भागच आहे. ग्लोरिया सहसा गात नाहीत. आलेलुया हा जयघोष तर या काळात उच्चारतच नाहीत. वेदीवर सहसा फुलं नसतात. वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. चौथा रविवार आणि काही मोठे सण सोडले तर ऑर्गन एकटा वाजत नाही. पाचव्या रविवारपासून बऱ्याच ठिकाणी क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडाने झाकतात, म्हणजे डोळ्यांनाही विश्रांती. आणि गुड फ्रायडेला तर विधी सुरू होतो तोच गप्प राहून. प्रवेशगीत नाही, घंटा नाही. धर्मगुरू येतात आणि वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात. सगळी मंडळी गुडघ्यांवर. मी वाशीच्या सेक्रेड हार्टमध्ये हे बघितलं आहे. एवढी माणसं आणि ऐकू येतो तो फक्त पंख्यांचा आवाज, मध्येच एखादं लहान मूल. त्या दोन-तीन मिनिटांत मला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुठल्या प्रवचनातून कळत नाही.

पण हे झालं चर्चमधलं. घरी आल्यावर काय? उपवासाला नियम आहे : १८ ते ५९ वयाच्या लोकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, त्या दिवशी एकच पूर्ण जेवण. शुक्रवारी मांस वर्ज्य. दानाला पेटी आहे. शांत बसण्याला मात्र कुठलाच नियम नाही, कोणी विचारतही नाही, म्हणून आपल्याकडे तीच पहिली गळते. ताईंनी ती मागितली याचं मला फार बरं वाटलं.

संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी तीस दिवसांची एकांतसाधना आखली. घरदार सोडून, मौन पाळून करायची. पण ज्यांना कामधंदा सोडून जाता येत नाही अशा लोकांचा विचार त्यांनी तेव्हाच केला होता. साधनेच्या सुरुवातीला ज्या सूचना दिल्या आहेत त्यातली एकोणिसावी अशाच माणसांसाठी आहे : रोज दीड तास काढा, घरी राहूनच करा, महिने लागले तरी चालतील. दीड तास तुम्हाला आत्ता शक्य नाही. त्यांचीच दुसरी पद्धत आहे, दिवसाची झडती. रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. आधी दिवसाबद्दल आभार, मग आजचा दिवस नीट दिसावा म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासून एकेक प्रसंग डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा : कुठे देव जवळ होता, कुठे मी पाठ फिरवली. मग क्षमा आणि उद्यासाठी मागणं. याला पुस्तक लागत नाही, दिवा लागत नाही, अंधारात अंथरुणावर बसून होतं.

मूळचा_नगरचा । १६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आम्ही प्रोटेस्टंट. सध्या ठाण्यात, सेंट जेम्सला जातो, १८२५ साली बिशप हेबर यांनी समर्पित केलेलं. आमच्या घरात उपवासकाळाचे नियम तुमच्याइतके काटेकोर नव्हते, पण कौटुंबिक प्रार्थना चुकत नसे. रात्री जेवणानंतर वडील शास्त्र वाचायचे, मग एक गीत, मग प्रत्येकाने एक वाक्य प्रार्थना. सात भावंडं. शांतता वगैरे काही नाही. तरी मला देवाची ओळख त्याच चटईवर झाली.

म्हणून मला थोडं वेगळं सांगायचं आहे. शांतता मिळाली तरच प्रार्थना होते असं धरून चालू नका. पॅरिसच्या कार्मेलाइट मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते, आचाऱ्याचं काम करायचे. भांड्यांचा खणखणाट, दहा जण दहा गोष्टी मागताहेत, आणि तेव्हाही आपण देवाजवळ तेवढेच असतो असं ते सांगायचे. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींची आई सुझाना हिच्याबद्दल असं सांगतात की घर भरून पोरं, स्वतंत्र खोली नाही, म्हणून ती एप्रन डोक्यावर घेऊन बसायची. आई एप्रनखाली आहे म्हणजे तिला हाक मारायची नाही, हे पोरांना माहीत होतं. आपल्याकडे पदर आहे, ओढणी आहे.

अनंतवाचक । १६ फेब्रुवारी, रात्री १०:२०

दादा, आदर ठेवून असहमत. ब्रदर लॉरेन्सही मठातच राहत होते. स्वयंपाकघराबाहेर पडलं की त्यांना ठरलेल्या प्रार्थनेच्या वेळा होत्या, मौनाच्या वेळा होत्या. गोंगाटातली त्यांची प्रार्थना त्या बळावर उभी होती. आपण गोंगाट तेवढा घेतो आणि "कामातच देव आहे" म्हणून मोकळे होतो. घरात बाईने शांत वेळ मागितला की हेच उत्तर तिला पहिल्यांदा मिळतं, आणि मला ते बरोबर वाटत नाही. येशू माणसांत वावरला, रात्ररात्र लोक दाराशी असायचे, तरी तो उठून एकटा जायचाच.

मूळचा_नगरचा । १६ फेब्रुवारी, रात्री १०:४५

बाईने मागितलं की हे उत्तर मिळतं, हे मान्य. आमच्या त्या चटईवर आई कधी शांत बसलेली मला आठवत नाही. ती गीत म्हणता म्हणता दुधाकडे बघायची. पण सुझानाचं मी म्हटलं ते त्याचसाठी. तिने घरच्यांकडून वेळ मागून घेतला होता. एप्रन ही घरातल्या सगळ्यांना कळणारी खूण होती. ताई, तशी एखादी खूण ठरवा. शास्त्रात म्हटलंय खोलीत जा, दार लाव. गालीलातल्या गरिबाच्या घरात दार लावायला किती खोल्या असतील? धान्याची कोठी असली तर असली. आमची एक मावशी दादरच्या चाळीत मोरीत पाट टाकून बसायची. नळ जायची वेळ झाली की उठायची.

घणसोलीकर । १७ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

ब्रेकरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असतं, तिथे ५० आणि ४०. पण तक्रारीने सुरुवात करू नका. तुमच्या बिल्डिंगमध्ये दहावी-बारावीची मुलं किती आहेत ते बघा, पालकांच्या सह्यांचं एक पत्र घेऊन साइटवर जा. प्रार्थनेसाठी म्हणून कोणी थांबवणार नाही, पण परीक्षेसाठी कॉन्ट्रॅक्टरही ऐकतो. आमच्याकडे रविवारी सकाळचं काम असंच थांबलं.

नाइट_ड्युटी । १७ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

नर्स आहे, नवी मुंबईत. आत्ताच घरी आले. रात्री तीन ते चार या वेळात वॉर्ड शांत होतो असं लोकांना वाटतं. मॉनिटर चालूच असतात, कोणीतरी कण्हत असतं. मी राउंड घेऊन टेबलाशी बसते आणि एकच स्तोत्र वाचते, तेवीसावं किंवा एकशे तिसावं. रोज तेच. नवीन काही वाचायची ताकद नसते त्या वेळी. तेच तेच वाचल्याने ते आता पाठ झालंय आणि पेशंटचा हात धरून बीपी घेतानाही चालू राहतं.

ताई, वीस मिनिटं जमत नसतील तर पाच घ्या. पण रोज त्याच वेळी.

कल्याण_कोट्टयम । १७ फेब्रुवारी, दुपारी १:१०

आम्ही सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या पूर्वेकडच्या परंपरेचे कॅथलिक, कल्याण महाधर्मप्रांत. आमचा उपवासकाळ तुमच्या आधी, काल सोमवारीच सुरू झाला, राख सोमवारीच लावतात. पूर्वी पन्नास दिवस घरात मांस, मासे, अंडी, दूध काही येत नसे. आता माझ्या घरात टीव्हीची रिमोट कपाटात जाते. मुलं पहिला आठवडा कुरकुरतात, मग संध्याकाळी पत्ते, गप्पा, लवकर झोप. आयपीएलचं काय करायचं ते दर वर्षी वाटाघाटीने ठरतं.

पाचपाखाडी । १७ फेब्रुवारी, रात्री ८:४०

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतेय. आमचं घर वारकरी. माझी आई ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसली की आम्ही पोरं चपला हातात घेऊन जायचो, त्यामुळे ताई काय मागताहेत ते मला लगेच कळलं.

आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती काकू आहेत. त्यांच्याकडेही दोन खोल्यांत सहा माणसं. गेल्या वर्षी त्यांनी सहज बोलता बोलता हेच सांगितलं. मी दिवसभर ऑफिसात, माझं घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात रिकामं असतं. मी त्यांना किल्ली दिली. दुपारी दोनला त्या येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, जातात. ईस्टर झाल्यावर किल्ली परत द्यायला आल्या, मी म्हटलं ठेवा. आता त्या माझ्या कुंड्यांनाही पाणी घालतात. त्यांनी माझ्या देवघरासमोर बसायला काही हरकत नाही ना असं विचारलं होतं, मी म्हटलं खुर्ची तुमच्या सोयीने फिरवा.

ठाण्यात दिवसा निम्मी घरं रिकामी असतात. शेजारणीला विचारून बघा. नाही म्हणाली तर म्हणाली.

माजिवड्याची_माई । १७ फेब्रुवारी, रात्री ९:०५

या बाईला देव भरभरून देवो.

वाशी_सेक्टर । १८ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

एकांतवासाचं कोणी लिहिलं नाही. बांद्र्याच्या रिट्रीट हाऊसमध्ये शनिवार-रविवारची मौन साधना असते, आधी नाव नोंदवावं लागतं. उपवासकाळात जागा लवकर भरतात. एकदा तरी जाऊन या, मौनाची चव कळते. पण घर-नोकरीवाल्या बाईला दोन दिवस सोडून जायचं तर घरच्यांनी दोन दिवस घर सांभाळायला हवं. त्यामुळे हा सल्ला मी ताईंपेक्षा त्यांच्या मिस्टरांना देतो.

कळवाकरीण । ७ मार्च, रात्री १०:१५

इतके दिवस लिहिता आलं नाही. सगळ्यांचे आभार. माई, तुमची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. "जाऊ दे" हे त्याला जास्त लागलं, कारण घरात ते तोच सगळ्यात जास्त म्हणतो.

सासूबाईंशी बोलले. पहाटे त्यांच्या पलंगावर बसून, कानाशी. सांगितलं की मला तुमच्याबरोबर प्रार्थनेला बसायचंय, पण आधी थोडा वेळ मोबाईलशिवाय. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं तुला माझी रोझरी आवडत नाही." इतकी वर्षं त्यांच्या मनात हे होतं. मग स्वतःच म्हणाल्या, साडेपाचपर्यंत तू बस, मग मी लावते. खूण म्हणून आम्ही वेदीवरची मेणबत्ती ठरवलीय. ती पेटलेली असली की कोणी हाक मारायची नाही. मुलीने दोनदा मारली, "डबा कुठाय" म्हणून. सासूबाईंनीच तिला हाताने गप्प केलं.

नेहमी जमतं असं नाही. सासूबाईंना कधी पहाटेची वेळ उमजत नाही, मग पाचलाच रोझरी सुरू होते. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणते, त्यांच्या कानाजवळ, आणि मोबाईलचा आवाज थोडा कमी करता येतो. नगरकर दादा आणि अनंतवाचक, तुमच्या वादात दोघांचंही मला उपयोगी पडलं. शांत वेळ मिळाला त्या दिवशीच मला गाडीत प्रार्थना नीट होते. जेव्हा पहाट हुकते तेव्हा गाडीतली माळही नुसती बोटांनी फिरते.

रात्रीची झडती करते, बहुतेक वेळा आभारापर्यंत पोचून झोप लागते. ब्रेकर चालूच आहे. पत्र दिलं, परीक्षा संपेपर्यंत रविवारी बंद ठेवतो म्हणाले, तेवढं पाळताहेत.

रमजानही याच दिवसांत आलाय. आमच्या मजल्यावर एक मुस्लिम कुटुंब आहे. पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो आणि माझी मेणबत्ती त्यांना दिसत असणार. परवा भाभी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "आप भी जल्दी उठते हो आजकल." मी उपवासकाळ सांगितला. इतक्या वर्षांत आम्ही पाणी आणि लिफ्ट सोडून दुसरं काही बोललो नव्हतो.

अनंतवाचक । ८ मार्च, सकाळी ६:५०

आभारापर्यंत पोचून झोप लागली तर लागू द्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी. फार सुंदर लिहिलंत.

माजिवड्याची_माई । ८ मार्च, दुपारी १२:१०

तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग. कानाशी सांग, मोठ्याने.

येऊरप्रेमी । ८ मार्च, दुपारी ४:३०

वाशी_सेक्टर यांचं पटलं, एकटीने पहाटे नको. एखाद्या शनिवारी आम्ही सात-आठ जण मिळून उजाडल्यावर वर जाऊन क्रुसाची वाट करणार आहोत, चौदा स्थानं चालता चालता, स्पीकर नाही, पुस्तिकाही एकच. दोन स्थानांच्या मध्ये कोणी बोलायचं नाही. ज्यांना यायचंय त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा. लहान मुलं चालतील.

कळवाकरीण । २९ मार्च, रात्री ९:३०

आज झावळ्यांचा रविवार झाला. मुलाची परीक्षा संपली, बेडरूम मोकळी आहे पण मी आता हॉलमध्येच बसते, सासूबाईंच्या पायाशी.

एक विचारायचं होतं. २ एप्रिलला, पवित्र गुरुवारी मिसेनंतर साक्रामेंतासमोर (मिसेतल्या पवित्र भाकरीसमोर) बसायला ठाण्याला यायचा विचार आहे. सासूबाई पण येणार म्हणतात. किती वाजता गर्दी कमी असते? त्यांना गुडघ्यांवर बसता येत नाही.

जांभळीनाका । २९ मार्च, रात्री ९:५५

जरूर या. मिस्सा संपली की साक्रामेंत मिरवणुकीने बाजूच्या वेदीवर नेतात आणि मुख्य वेदीवरचं सगळं काढून घेतात. आराधना मध्यरात्रीपर्यंत. पहिल्या तासाभरात विभागवार गट येतात, गाणी-प्रार्थना मोठ्याने होतात. साडेदहानंतर गट संपतात, मग ज्याला बसायचं तो बसतो. तुमच्या सासूबाईंना आवाज हवा असेल तर साडेनऊला आणा, तुम्हाला शांतता हवी असेल तर अकरापर्यंत थांबा. दोन्ही होईल. वयस्कर माणसांसाठी खुर्च्या ठेवतात, स्वयंसेवकाला सांगितलं की पुढे जागा करून देतात.

परतताना स्टेशनपर्यंत रिक्षा मिळायला त्रास होतो त्या रात्री. कळव्याला जाणारं कोणी ना कोणी असतंच, मिसेनंतर विचारून ठेवा.

ट्रान्सहार्बर । २९ मार्च, रात्री १०:२०

मी कळवा नाक्यावरून जातो, गाडी आहे. मागे दोन जागा रिकाम्या. सासूबाईंना पुढे बसवू. निरोप टाकतो.